दुष्काळ माझा, पान पुस्तकाचं

एम. ए.च्या पहिल्या वर्षी ट्यूटोरियलला प्रश्न होता : ‘बनगरवाडी’ या कादंबरीची आशयसूत्रे साधार स्पष्ट करा. मी एका रात्रीत नऊ पानं लिहिली. माझं गाव मिरजगाव, कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. दुष्काळावर लिहायला मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला मनापासून वाटत होतं. १९७२ला आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. ते सगळं त्या नऊ पानांत उतरलं.

सरांनी वही परत दिली तेव्हा एका अवतरणाखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात एकच शब्द : ‘पान?’ मी पुस्तक घेऊन बसले. दोन दिवस शोधलं. ते वाक्य पुस्तकात नव्हतंच. अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट मी पाहिला होता, एक गाइडही वाचलं होतं. त्यातलं कुठलं तरी माझ्या डोक्यात शिरलं असेल, किंवा ते माझं मीच रचलं असेल. सरांना संशय आला तो वाक्याच्या बोलीवरून. ते म्हणाले, “ही कादंबरीतल्या माणदेशची बोली नाही बाई, ही तुमच्या नगरकडची आहे.” अवतरणचिन्हांत मी माझ्याच गल्लीतल्या माणसाला बोलायला लावलं होतं.

मला गुण कमी पडले, त्याचं दुःख विरलं. पण पुस्तकाच्या तोंडी त्याचं नसलेलं वाक्य घातलं, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे. आज मी बारावीच्या आणि बी. ए.च्या मुलांच्या वह्या तपासते. माझ्यासारखीच मुलं त्यात भेटतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक अवतरणाची होती. दुसरी जास्त खोल होती, ती सरांनी नंतर दाखवली. ‘दुष्काळ हे या कादंबरीचे मुख्य आशयसूत्र आहे,’ हे माझं पहिलंच विधान. सर म्हणाले, “दुष्काळ कितव्या पानावर येतो ते बघा.” बघितलं, तर तो येतो अगदी शेवटाकडे. त्याआधी राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, पोरं शाळेत यावीत म्हणून धडपडतो, कारभाऱ्याचा विश्वास कमावतो, आयबूसारखा सोबती मिळवतो. सगळी वाडी मिळून तालीम बांधते, औंधचे राजे त्यासाठी येतात. एवढं सगळं उभं राहिल्यावर दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. म्हणजे माणसं एकत्र कशी येतात आणि मग कशी पांगतात, हा पुस्तकाचा विषय आहे, आणि पांगण्याचं कारण दुष्काळ आहे. मी कारणालाच विषय समजले, कारण आमच्या घरात तो विषयच होता.

म्हणून आता मी मुलांना सांगते, विधान लिहिण्याआधी पुस्तक हातात पेन्सिल घेऊन एकदा नुसतं चाळा. आपल्याला जे आशयसूत्र वाटतंय ते कुठे कुठे येतं, तिथे समासात खूण करा. खुणा एकाच टोकाला साचल्या तर विधान बदलावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

आता परिच्छेद. वाडीतल्या शेकूचा प्रसंग घ्या. नांगराला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः खांदा देते. यावर मुलं हमखास लिहितात : ‘यावरून ग्रामीण जीवनातील दारिद्र्याचे विदारक दर्शन घडते.’ हे वाक्य कुठल्याही ग्रामीण कादंबरीला लावता येतं, म्हणून ते या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा विचारा, हा प्रसंग आपल्याला कोण सांगतंय? राजाराम सांगतोय, कादंबरीचे लेखक माडगूळकर नव्हे. म्हणून ‘लेखक म्हणतो’ असं लिहू नका. राजाराम बाहेरून आलेला आहे. त्याला जे पाहवत नाही, ते वाडीतल्या माणसांना तितकंच धक्कादायक वाटतं का? आणि हे सांगताना भाषा किती साधी ठेवली आहे, विशेषणं किती कमी आहेत? त्या वर्णनातले चार-पाच शब्दच उचला, नेमके ज्यांच्यावर तुमचं म्हणणं उभं आहे तेवढेच. मग त्या शब्दांनी काय साधलं ते निदान दोन-तीन वाक्यांत उकलून सांगा. अवतरणापेक्षा उकल मोठी हवी. मुलांच्या वह्यांत उलटं असतं : आठ ओळींचं अवतरण, खाली अर्धी ओळ ‘प्रभावीपणे रेखाटले आहे’, की लगेच पुढचा मुद्दा.

बोली सुधारू नका. संवादातले शब्द छापलेत तसेच उतरवा, ऱ्हस्व-दीर्घासकट. मुलांना ते अशुद्ध वाटतं, शिवाय परीक्षकाची भीती असते, म्हणून ती प्रमाण मराठी करून टाकतात. तसं केलं की पुरावाच बदलतो. पृष्ठांक देताना आवृत्तीही लिहा. हे पुस्तक १९५५ साली मौज प्रकाशनानं काढलं, पुढे मेहता पब्लिशिंगनंही. पानं जुळतीलच असं नाही, मग तपासणारा चुकीच्या पानावर शोधत बसतो.

आपलं आयुष्य मात्र दाराबाहेर ठेवा, असं मी म्हणणार नाही. बरीच वर्षं तसं म्हणत होते. एका मुलीनं ते बदललं. तिच्या घरी मेंढरं आहेत, दरसाल दिवाळीनंतर वाडा घेऊन माणसं बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ‘बनगरवाडी’चा शेवट वाचून ती म्हणाली, “मॅडम, मेंढरं घेऊन जाणं यात आमच्यात दुःखाचं काही नसतं. दरवर्षीचंच ते. मग हे जाणं वेगळं कशानं?”

माझ्या नऊ पानांत असा एकही प्रश्न नव्हता. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण घरातून तिला प्रश्न मिळाला होता आणि उत्तर पुस्तकातून काढायचं होतं. तिनं शेवटची प्रकरणं पुन्हा वाचली. कोण जातं, कशा अवस्थेत जातं, मागे कोण राहतं, परतीचं कुणी बोलतं का, एवढंच शोधत. आठवड्यानं तिनं एकच परिच्छेद आणून दाखवला, चौदा ओळींचा. त्यात तीन छोटी अवतरणं होती, प्रत्येकापुढे पृष्ठांक. मी पुस्तक काढलं आणि तिन्ही पानं उघडून, शब्दावर बोट ठेवत, तिच्यासमोरच पडताळली.