पाणी किती, आणि किती वेळात?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस मोजला गेला. हा आकडा तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. त्या दिवशी मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. आता या आकड्याचे एक साधे गणित करून पाहू. ९४४ ला २४ ने भागले की तासाला सुमारे ३९ मि.मी. पाऊस येतो. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्यासाठी १९९३ साली जो अहवाल तयार झाला होता, त्यात तासाला ५० मि.मी. पाऊस वाहून नेता येईल अशी गटारे असावीत असे सुचवले होते. ते काम २००५ पर्यंत पुरे झाले नव्हते. जुनी गटारे तासाला २५ मि.मी. या हिशेबाने बांधलेली होती. पण समजा, ते पुरे झाले असते, तर पाणी तुंबले नसते काय? ३९ हा आकडा ५० पेक्षा लहानच आहे.

तरीही पाणी तुंबलेच असते. कारण तो पाऊस २४ तासांवर सारखा वाटून पडला नाही. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच १९० मि.मी. पाऊस पडला. गटाराला दिवसाची सरासरी कळत नाही. त्या घटकेला किती पाणी अंगावर आले एवढेच त्याला कळते. म्हणून पावसाच्या पाण्याचा विचार करताना 'किती' याबरोबरच 'किती वेळात' हा प्रश्न विचारावा लागतो.

मुंबईच्या जुन्या गटारांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल आणि निम्मेच गटारात येईल. गटारे बांधली तेव्हा वाड्या, बागा, शेते, मिठागरे होती. तेव्हा हे खरे असेलही. पुढे त्या जागी इमारती, रस्ते आणि फरसबंद अंगणे आली. पाऊस तोच, गटार तेच, पण 'निम्मे' हा शब्द खोटा ठरला. १९९३ च्या अहवालाने म्हणूनच सगळेच पाणी वाहत येईल असे धरून हिशेब मांडला.

जमिनीवर पडलेल्या पावसापैकी जे पाणी न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाते त्याला अपधाव म्हणतात, आणि पडलेल्या पावसाचा जो हिस्सा असा वाहतो त्याला अपधाव गुणांक. गवताळ, भुसभुशीत जमिनीचा गुणांक लहान असतो. डांबरी रस्त्याचा किंवा गच्चीचा जवळजवळ १. हा फरक तुम्हाला घरी पाहता येईल. पत्र्याचे दोन सारखे उथळ ट्रे घ्या. प्रत्येकाच्या एका कडेला खालच्या बाजूस भोक पाडा. एकात चार बोटे माती भरून त्यावर गवताचा तुकडा बसवा, दुसऱ्यात फरशीचा तुकडा. दोन्ही ट्रे भोकाच्या बाजूला सारखेच किंचित कलते ठेवा आणि झारीने दोहोंवर सारखेच पाणी शिंपडा. भोकाखाली भांडे धरून दर १० सेकंदांनी किती पाणी जमले ते मोजा आणि आलेख काढा. फरशीचा आलेख उंच, टोकदार सुळक्यासारखा येईल. गवताचा ठेंगणा, पसरट टेकाडासारखा आणि उशिरा सुरू होणारा. सुळक्याच्या टोकाला शिखर प्रवाह म्हणतात. गटाराचा आकार या टोकावरून ठरतो.

शिखर प्रवाह काढण्याचे एक सोपे सूत्र आहे. आयर्लंडमधील अभियंता थॉमस मुलव्हनी याने १८५१ च्या सुमारास त्यामागचा विचार मांडला आणि लहान क्षेत्रांसाठी जगभर अजूनही तेच वापरले जाते:

शिखर प्रवाह = अपधाव गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ

१ चौ. मीटर जागेवर १ मि.मी. पाऊस पडला की बरोबर १ लीटर पाणी होते, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे तोंडी करता येते.

आता नियमाकडे वळू. गावात कोणी मोकळ्या जमिनीवर इमारत बांधली की तिच्या आवारातून निघणारा शिखर प्रवाह वाढतो. बांधणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. त्याचे अंगण तर लगेच कोरडे होते. बिघडते ते उताराच्या खालच्या बाजूस राहणाऱ्याचे. त्याने काहीही बांधलेले नसताना त्याच्या उंबऱ्यात पाणी येते. मग नगरपालिकेने गटार रुंद करावे, म्हणजे खर्च सगळ्या गावाचा. आणि दाट वस्तीत गटार रुंद करायला जागा तरी कोठे असते? म्हणून अनेक शहरांनी निराळा मार्ग धरला: ज्याने पाणी वाढवले त्यानेच ते आपल्या आवारात थोपवून धरावे.

याचे एक स्वच्छ उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथे वर्षाला सुमारे २४०० मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतका. फक्त तो वर्षभर पसरलेला असतो. जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोड या तेथील सर्वांत प्रसिद्ध बाजारपेठेत दोन तासांत सुमारे १०० मि.मी. पाऊस होऊन दुकानांच्या तळघरांत पाणी शिरले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. केवळ कालवे रुंद करण्यावर विसंबू नका, पाणी जेथे पडते तेथे, वाटेत आणि जेथे ते पोचते तेथे असे तिन्ही ठिकाणी उपाय करा, असे तिने सांगितले. जानेवारी २०१४ पासून तेथे नियम झाला की ०.२ हेक्टर, म्हणजे २००० चौ. मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे बांधकाम वा पुनर्बांधणी करताना बाहेर जाणारा शिखर प्रवाह एका मर्यादेत ठेवलाच पाहिजे. ती मर्यादा अशी: आवार सगळे काँक्रीटचे असले तरी त्याचा गुणांक ०.५५ असता तर जेवढे पाणी आले असते, तेवढेच बाहेर सोडायचे. हिशेबासाठी पाऊस धरायचा तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता दहात एक आहे असा. (याला 'दहा वर्षांचा पाऊस' म्हणतात. पण तो एकदा पडला की दहा वर्षे निश्चिंत, असा मात्र त्याचा अर्थ नाही. फासा टाकल्यावर सहा पडले म्हणून पुढच्या खेपेला सहा पडत नाही असे थोडेच आहे!)

हा नियम पाळायला काय करावे लागेल? समजा, भूखंड १ हेक्टरचा आहे, म्हणजे १०,००० चौ. मीटर. गणित सोपे जावे म्हणून पाऊस तासाला १०० मि.मी. या वेगाने अर्धा तास पडला असे धरू. तासाला १०,००० × १०० = १० लक्ष लीटर पाणी पडेल, म्हणजे सेकंदाला सुमारे २७८ लीटर. बांधकाम दाट असेल तर गुणांक ०.९ धरू, बाहेर निघतील सेकंदाला २५० लीटर. नियमाप्रमाणे सोडता येतील २७८ × ०.५५ = १५३ लीटर. उरलेले ९७ लीटर दर सेकंदाला आवारात ठेवून घ्यायचे. अर्ध्या तासाचे १८०० सेकंद. म्हणजे सुमारे १ लक्ष ७५ हजार लीटर. १० मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल टाकी यासाठी पुरे होईल. शाळेतील एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढी जागा! प्रत्यक्षात पाऊस हळूहळू वाढतो आणि ओसरतो, शिवाय टाकी अर्धवट भरलेली असताना पाणी कमी वेगाने बाहेर पडते. त्यामुळे अभियंत्यांचा हिशेब याहून किचकट असतो. पण टाकीचा आवाका असाच निघतो.

टाकीतून सेकंदाला १५३ लीटरच पाणी सुटेल याची खात्री कशी करायची? त्यासाठी पंप लागत नाही, पहारेकरीही लागत नाही. लागते ते एक भोक. टॉरिचेलीचा नियम तुम्ही भौतिकशास्त्रात शिकाल: भोकावर पाण्याची उंची जितकी, तितक्या उंचीवरून पडलेल्या वस्तूचा जो वेग, त्याच वेगाने पाणी बाहेर येते. भोकाच्या मध्यावर २.४ मीटर पाणी असेल तर हा वेग √(२ × ९.८ × २.४), म्हणजे सेकंदाला सुमारे ६.९ मीटर. भोकातून निघताना धार आकसते, म्हणून प्रत्यक्ष प्रवाह साधारण ०.६ पटच धरतात. या हिशेबाने भोकाचा व्यास सुमारे २२ सें.मी. येतो. जेवणाच्या ताटाहूनही लहान असे हे भोक १ हेक्टरच्या पावसाला लगाम घालते. आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या तेथे अडकल्या की सारा हिशेब कोसळतो. माझ्या मते या नियमांची खरी परीक्षा नकाशा मंजूर होताना नसून त्यानंतर दहा वर्षांनी असते: टाकी कोण साफ करतो, आणि ती टाकी आहे हे तरी कोणाला आठवते काय?

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे बंधनकारक आहे. मग टाकी तर झालीच की, असे तुम्ही म्हणाल. पण वापरासाठी पाणी साठवणारी टाकी भरलेली असावी लागते आणि पूर थोपवणारी टाकी रिकामी! जुलैच्या अखेरीस तोंडोतोंड भरलेल्या टाकीवर ढगफुटी झाली तर वरून येणारे सगळे पाणी तसेच गटारात जाईल. दोन्ही कामे एकाच टाकीकडून करून घ्यायची असतील तर तिचा वरचा भाग पुरासाठी राखून तेथे भोक ठेवावे लागते. एका नियमाने दोन्ही कामे आपोआप होतात हा समज चुकीचा आहे.

दुसरी अडचण याहून विलक्षण आहे. अमेरिकेत असे नियम बऱ्याच आधी आले आणि १९७० नंतरच्या दशकात तेथील जलशास्त्रज्ञांना दिसले की प्रत्येक भूखंडाने नियम काटेकोर पाळूनही खालच्या ओढ्याचा पूर कधीकधी वाढतो! हे कसे? एका ओढ्याच्या काठी वर एक आणि खाली एक अशा दोन वसाहती आहेत असे समजा. पूर्वी खालच्या वसाहतीचे पाणी लगेच ओढ्यात उतरून पुढे निघून जाई. वरचे पाणी तेथे पोचेपर्यंत वाट मोकळी झालेली असे. आता खालच्यांनी टाकी बांधली. त्यांचे पाणी थांबून थांबून, तासभर वाहू लागले, आणि ते ऐन भरात असताना वरचे पाणी येऊन मिळाले. दोन्ही सुळके बोथट झाले खरे, पण एकावर एक चढले. टाकी पाणी कमी करत नाही, ते फक्त पुढे ढकलते. या साध्या गोष्टीचा हा परिणाम.

म्हणून पाणी थोपवण्याबरोबर ते जिरवावे, अशी नियमांची दिशा बदलली. मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० नंतर घरांच्या अंगणांत उथळ खळगे करून त्यांत वाळूमिश्रित माती आणि झाडे लावण्याची पद्धत निघाली. छपराचे पाणी पन्हळीतून या खळग्यात जाते, तेथे मुरते आणि झाडे त्यातले काही पिऊन टाकतात. पुढे २००७ चा राज्याचा कायदा आणि त्याखालचे नियम यांनी नव्या बांधकामापुढे ध्येयच असे ठेवले की पाण्याच्या दृष्टीने ती जमीन चांगल्या वनासारखी वागावी. नियम राज्याचा, पण नकाशे तपासतात त्या बहुतांशी स्थानिक काउंट्या.

हा नियम उचलून जसाच्या तसा आपल्याकडे आणता येईल काय? मेरीलँडची माती आणि आपली काळी माती यांत मोठा फरक आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पहिला पाऊस घटाघटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि तिच्यावर पाणी साचून राहते. कोकणातील जांभ्यात पाणी चांगले मुरते, तर मुंबईच्या सखल भागात पावसाळ्यात भूजलच इतके वर येते की खड्ड्यात मुरायला जागा नसते. म्हणून नाशिकचा नियम रत्नागिरीला आणि रत्नागिरीचा कुर्ल्याला चालेलच असे नाही.

आता तुमच्यासाठी काम. मीटर-टेप घेऊन शाळेच्या आवाराचे क्षेत्रफळ काढा. छप्पर, फरसबंदी व डांबर यांना गुणांक ०.९, टणक मैदानाला ०.५ आणि बागेला ०.२ धरा. प्रत्येकाचे क्षेत्रफळ आपापल्या गुणांकाने गुणून बेरीज करा आणि एकूण क्षेत्रफळाने भागा; तुमच्या शाळेचा सरासरी गुणांक मिळेल. तो ०.५५ पेक्षा जास्त आला तर किती लीटरची टाकी लागेल ते वरच्या रीतीने काढा. नंतर एखाद्या पावसाळी दिवशी फाटकाशी उभे राहून आवारातले पाणी नेमके कोणाच्या दिशेने जाते तेही पाहून ठेवा.