विघसाशी कोण? घरातील शेवटच्या पानाविषयी

काल रात्री आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवले? ती व्यक्ती पानावर बसली तेव्हा पातेल्यात काय आणि किती उरले होते? पुढे वाचण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे मनाशी आठवून ठेवावीत. पहिले उत्तर बहुतेकांना लगेच सापडेल. दुसरे सापडणार नाही, कारण त्या वेळेपर्यंत आपण हात धुऊन उठलेले असतो.

आजच्या अभ्यासासाठी महाभारताच्या शांतिपर्वातील एक छोटी कथा घेतली आहे. ती अकराव्या अध्यायात येते. युद्ध संपले आहे, गंगेच्या काठी मृतांना जलांजली देऊन झाली आहे, आणि युधिष्ठिराला राज्य नको झाले आहे. सर्व सोडून वनात जावे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. भाऊ आणि द्रौपदी एकेक करून त्याची समजूत घालतात. (ही भूमी आपणा दिल्लीकरांना परकी नाही. हस्तिनापूर मेरठ जिल्ह्यात आहे आणि मेरठ जिल्हा आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो.) अर्जुनाची पाळी येते तेव्हा तो ही जुनी गोष्ट सांगतो.

मिसरूडही न फुटलेली काही कुलीन मुले घरदार सोडून वनात गेली. आईवडील आणि भावंडे मागे टाकणे हाच धर्म, असे त्यांना वाटत होते. इंद्राला त्यांची दया आली. सोन्याच्या पक्ष्याचे रूप घेऊन तो त्यांच्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला की विघसाशी लोकांचे जीवन फार थोर, त्यांना श्रेष्ठ गती मिळते. मुलांना आनंद झाला; हा पक्षी आपलीच स्तुती करतो आहे, असे त्यांना वाटले. पक्षी म्हणाला, तुमच्याविषयी मी बोलत नाही. अंगाला धूळ फासलेले तुम्ही तर उच्छिष्ट खाणारे आहात. मग खरा विघसाशी कोण, ते त्याने सांगितले. जो सकाळ-संध्याकाळ आपल्या घरात अन्नाचे रीतसर वाटे करतो, देव, पितर, अतिथी आणि घरची माणसे यांना देऊन मग उरलेले खातो, तो विघसाशी. मुलांना ते पटले आणि ती घरी परतली.

या कथेचे मराठी करायला बसल्यावर ‘विघस’ या शब्दापाशी थांबावे लागते. आपल्याकडे उरलेल्या अन्नाला तीन शब्द आहेत: उरलेले, शिळे आणि उष्टे. तिन्ही जरा नाक मुरडूनच उच्चारले जातात. त्यांतला ‘उष्टे’ हा तर ‘उच्छिष्ट’ या शब्दावरूनच आला आहे, म्हणजे पक्षी ज्याची निंदा करतो तेच ते. विघस म्हणजेसुद्धा इतरांनी जेवून उरलेले अन्न, तरीही पक्षी त्याची थोरवी गातो. दोन्ही उरलेलीच, मग फरक कशात?

मला तो ‘वाटे’ या शब्दात दिसतो. विघसाशी आधी वाटे करतो. कोणाला किती, हे तो जाणतो, आणि मागे राहते ते त्याने जाणून मागे ठेवलेले असते. उच्छिष्टाला हिशेब नसतो. कोणाच्या तरी पानातून किंवा पातेल्याच्या तळातून जे निघेल ते. आपल्या जुन्या घरांत पतीच्या उष्ट्या ताटात पत्नीने जेवण्याची पद्धत होती. ताट तेच राही, माणूस बदले. त्या पद्धतीला कितीही गोड नाव दिले तरी कथेतल्या पक्ष्याच्या भाषेत ते विघस ठरणार नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून ही गोष्ट मला आमच्या पुस्तकातून लवकर कळली. कंपनी बंद होते तेव्हा तिच्या मालमत्तेतून आधी देणेकऱ्यांची देणी भागवतात, मग प्राधान्य भागधारकांचे पैसे देतात, आणि सर्वांत शेवटी काही उरले तर ते सामान्य भागधारकाला मिळते. तो रांगेत शेवटी उभा असतो, कदाचित त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही. पण हा धोका पत्करतो म्हणूनच तो कंपनीचा मालक मानला जातो आणि मताचा अधिकार त्याच्याकडे असतो. कथेतला गृहस्थही असाच आहे. सर्वांना देऊन शेवटी जेवणारा तो घराचा धनी आहे.

आता आपल्या घरातील शेवटचे पान पाहावे. तिथे बहुधा आई, पत्नी किंवा सून असते. शेवटचा क्रमांक तिला मिळाला आहे. वाटे ठरवण्याचा अधिकार मिळाला आहे का? सर्वांना पोटभर वाढल्यावर आमटी संपली, तर ती संपणार हे ठाऊक असूनही तिसऱ्यांदा वाटी पुढे करणारा कोण असतो? आणि धनी म्हणवणारा गृहस्थ त्या वेळी कुठे असतो?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक १३) जो केवळ स्वतःसाठी शिजवतो त्याला दोष दिला आहे. हा श्लोक अनेकदा घरातील स्त्रियांच्या त्यागाची थोरवी सांगण्यासाठी वापरला जातो. खरे तर त्यांना हा उपदेश करण्याची गरजच नाही. घरी एकटी असेल तर ती कुकरसुद्धा लावत नाही, चहा-पोळीवर भागवते. श्लोक बाकीच्यांनी वाचावा.

आता थोडे दिल्लीच्या स्वयंपाकघराविषयी. पहाडगंज, करोल बाग येथे पूर्वी स्थिरावलेली मराठी घरे असोत किंवा नोकरीसाठी अलीकडे नोएडा-गुरुग्रामला आलेली असोत, दिल्लीत राहून एक बदल आपल्या पानात हळूच शिरतो. घडीची पोळी जाते आणि फुलका येतो. घडीच्या पोळीत मध्ये तेल लावून घडी घालतात, त्यामुळे तिला पदर सुटतात आणि ती तासन् तास मऊ राहते. सगळ्या पोळ्या करून डब्यात ठेवाव्यात आणि मग सर्वांनी एकदम बसावे, ही सोय त्या घडीतच आहे. (भाकरीचे तसे नाही. ती गरमच चांगली लागते, म्हणून हा प्रश्न महाराष्ट्रातल्या भाकरीच्या घरांतही आहेच.) फुलका मात्र आचेवर फुगला की लगेच पानात पडायला हवा. त्यासाठी एका व्यक्तीने सर्वांचे जेवण होईपर्यंत गॅससमोर उभे राहावे लागते. दिल्लीच्या जानेवारीत डब्यातली पोळी पाच मिनिटांत गारठते, त्यामुळे गरम फुलक्याची गोडी लागणे साहजिक आहे. पण त्या गोडीची किंमत कोण मोजतो, तेही पाहायला हवे.

इकडे अनेक घरांत पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची अशी रीत आहे. रीत सुंदर आहे, पक्ष्याने सांगितलेले वाटे ते हेच. गाईची पोळी ठरलेली आहे आणि कुत्र्याचीही ठरलेली आहे. करणारीची पोळी तेवढी कोणी ठरवलेली नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे जात होता, आणि असे पुरुष मुळात चारांतला एक इतकेच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, सारा दोष शेवटच्या पानाला देता येणार नाही. तरीही हिरवी भाजी, डाळ, उसळ ज्या पातेल्यातून आधी संपते, त्या पातेल्यापाशी शेवटी कोण येते, हा प्रश्न टाळताही येत नाही.

सणाच्या दिवशी हे सर्व दुपटीने वाढते. दिल्लीत आपले काही मोठे सण कामाच्या दिवशी येतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांत गुढीपाडवा ही ऐच्छिक सुट्टी असते आणि कर्मचाऱ्याला यादीतून वर्षभरात अशा दोनच निवडता येतात. होळीची सार्वजनिक सुट्टी रंगाच्या दिवशी मिळते. आपली पुरणपोळी आदल्या दिवशीची, पौर्णिमेची. म्हणजे दिवसभर नोकरी, मेट्रोचा प्रवास, आणि घरी येऊन पुरण. ही ओढाताण पाहून काही जण म्हणतात की पुरणपोळी विकत आणावी, प्रश्न मिटला. विकत आणण्यात काही गैर नाही. पण पुरणाचा घाट घरी घालायचा असेल, तर त्याच पुरणपोळीत सुटकेची सोयही आहे. ती फुलक्यासारखी उतावळी नाही. निवल्यावर चांगली लागते, दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर तर अधिकच. तरीसुद्धा सणाला एक जण तव्याजवळ तिष्ठत उभी असते आणि बाकीचे ‘अजून एक गरम’ म्हणत असतात. ती सवय आपण फुलक्याकडून उचलली आहे, पुरणपोळीने ती कधी मागितली नव्हती.

दुसरी रीत पाहायची असेल तर एखाद्या रविवारी गुरुद्वारा बंगला साहिबला जावे. तिथे लंगरमध्ये सगळे जमिनीवर ओळीने बसतात. ‘पंगत’ हा शब्द त्यांचाही आणि आपलाही. कोणी रोट्या लाटतो, कोणी वाढतो, कोणी भांडी घासतो, आणि या सेवेत कोणालाही सामील होता येते. स्त्री-पुरुष, ओळखीचा-अनोळखी असा भेद नाही. या पंगतीला वाढणारा पुढच्या पंगतीला बसतो आणि त्याला वाढायला दुसरा कोणी उभा राहतो. तिथेही कोणीतरी शेवटी जेवतेच. पण तो क्रमांक एकाच माणसाच्या नावावर कायमचा चढवलेला नसतो.

घरात हे कसे करावे? येणाऱ्या सणाला पुढील गोष्ट करून पाहावी. हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री शिजवावी. डाळीइतकाच गूळ घालून पुरण आटवावे. पातेल्यात उलथने उभे राहिले की ते झाले असे समजावे. हे काम घरातील पुरुष सहज करू शकतात, त्यात हातखंडा लागत नाही, ढवळत राहण्याचा धीर लागतो. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, गार झाले की मुलांच्या हाताला ते रेटत नाही. निथळलेला कट आमटीसाठी झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. सणाच्या संध्याकाळी कणीक तेल लावून तिंबावी आणि तासभर मुरू द्यावी. लाटण्याचे काम ज्या हाताला येते त्याने करावे, भाजायला मात्र दुसरे कोणी उभे राहावे. पोळी उलटणे हे दहा वर्षांच्या मुलालाही मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकता येते. दोन-चार फाटतील. फाटलेल्या घरच्यांच्या पानात पडाव्यात, आणि त्या कोणाच्या पानात पडल्या तेही पाहावे.

आणि ज्या घरी सासूबाईंना सर्वांना गरम वाढण्यातच आनंद वाटतो, तिथे काय करावे? त्यांचा आनंद खोटा आहे, असे कृपया त्यांना सांगू नये. त्यांनी वाढावे. त्यांचे वाढून झाले की मात्र आपण उठून टीव्हीकडे जाऊ नये. त्यांना पानावर बसवावे, लाटणे आपल्या हाती घ्यावे आणि त्यांच्या पानात गरम पोळी पडेपर्यंत तिथेच राहावे. पहिल्या दिवशी त्या नको म्हणतील, बहुधा दुसऱ्या दिवशीही.

नैवेद्य दाखवण्यापूर्वी घरातील माणसे मोजावीत. पाच असतील तर पाच वाट्या आमटी, पाच वाट्या भाजी आणि प्रत्येकाच्या दोन पोळ्या आधी बाजूला काढाव्यात. राहील ते पातेल्यात, आणि ‘अजून थोडे’ मागायचे ते त्यातूनच. पाचवे पान शेवटी बसणाऱ्याचे. ते वाढून, वर ताट झाकून ओट्यावर ठेवावे. चौघांपैकी ज्याचे जेवण आधी होईल त्याने हात धुऊन तव्याजवळ जावे.