गोळी खाली उतरत नाही तेव्हा

विट्याकडची आम्ही माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी दक्षिणेत पसरलो. माझी भट्टी चेन्नईच्या टी. नगरात, उस्मान रोडच्या मागच्या गल्लीत. मूस तापत ठेवून सारखं संडासला पळावं लागायचं. तपासण्यांअंती क्रोन्स हा आतड्याचा आजार निघाला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि पोट शांत झालं. भूक सपाटून लागायची, तोंड गोल झालं. गावाकडं सगळे म्हणाले, तब्येत सुधारली! पण डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आणला की पुन्हा कळा, जुलाब, ताप. डॉक्टर डोस वाढवून द्यायचे, की पुन्हा तेच.

तुमचंही असंच चाललं असेल, तर ते अंगवळणी पडू देऊ नका. तीन महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली उतरता येत नसेल, किंवा गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत रोग उलटत असेल, तर क्रोन्स स्टेरॉइडवर अवलंबून आहे असं धरतात. स्टेरॉइड सूज दाबतं, पण आतड्याच्या जखमा भरून येतीलच असं नाही. तोवर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. म्हणून पोटविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: हे बंद करायचं ते कशाच्या जोरावर?

ॲझाथायोप्रिन हा एक मार्ग, पण त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइड हळूहळू उतरवतात. आपल्याकडं काहींच्या पांढऱ्या पेशी या औषधानं एकदम कोसळतात. त्यासाठी आधी एनयूडीटी-१५ ही जनुकचाचणी करता येते. सुरुवातीला रक्त वरचेवर तपासायचंच. केस पुंजक्यानं गळू लागले तर लगेच दवाखाना गाठा.

आतड्याचा क्षयही हुबेहूब असाच दिसतो. तो नाही याची खातरजमा स्टेरॉइडच्या आधीच व्हायला हवी. पुढं इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबची इंजेक्शनं द्यायची ठरली, तर त्यांनी दबलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून त्याआधी पुन्हा तपासणी.

आणि गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. उलट्या होऊन रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. यात्रेला गावी निघालात तर गोळ्यांचं पाकीट हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. दात काढायला गेलात तरी स्टेरॉइड चालू आहे हे सांगा.

भट्टीपुढं पाठ धरली म्हणून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी घेऊ नका, आतडं भडकू शकतं. विडी-सिगारेट तर सोडाच. क्रोन्स तिनं हमखास चिघळतो.

अडालिमुमॅब देशी बनावटीचं २०१४ च्या अखेरीस आलं, तरी स्वस्त नाही. विम्यात बसतं का, ते पहिल्या इंजेक्शनच्या आधी लेखी विचारून घ्या.