दाताच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा

बाबांची दाढ काढली त्या रात्री रक्त थांबायचं नावच घेईना. गॉजचा बोळा बदलला की थोड्या वेळात पुन्हा भिजायचा. पहाटे त्यांना कॅज्युअल्टीत नेलं. टाके घालता घालता तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?" चालू होत्या. स्टेंट बसवल्यापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही. दाढ काढणाऱ्यांनी हे विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आमच्या घराला कायमच्या दंतवैद्य मिळाल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांचा गोळ्यांचा डबा टेबलावर उघडायला लावला, एकेक पाकीट वाचून केसपेपरवर नोंदवलं. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या फटीत घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती तीनपर्यंत असते. बाबांची काही ठिकाणी सहा भरली. "काका, तीन महिन्यांची साखर कधी तपासलीत?" तपासली, तर बरीच वाढलेली निघाली. पथ्य, गोळ्या, फिरणं सगळं सुरू असूनही. हिरड्यांचा जुनाट संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही आणि वाढलेली साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही, हे तेव्हा आम्हाला नीट समजलं. फिजिशियननी औषध बदललं, बाईंनी हिरड्यांखालून खोलवर सफाई केली, आणि साखर हळूहळू खाली आली.

म्हणून कळकळीने सांगते, दातांच्या डॉक्टरांपासून कोणताही आजार लपवू नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या दाढ काढण्यासाठी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका रक्तस्रावापेक्षा फार मोठा आहे. गोळ्या सुरू ठेवूनही टाके आणि दाब देऊन बहुतेक दाढा काढता येतात. मात्र तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. हृदयाची झडप बदललेली असेल तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्यातल्या काही औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या सुजतात. हे सगळं आधी माहीत असेल तरच डॉक्टर सावध राहतील.

दुसरं, दरवेळी नवा दवाखाना धरू नका. ज्यांनी तुमचं तोंड मागच्या वर्षी पाहिलंय, त्यांनाच गालाच्या आतला पांढरा चट्टा नवा आहे हे ओळखता येतं. घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू किंवा सुपारी खात असेल, तर ही नजर फार मोलाची. नुसत्या सुपारीनेही गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आपली तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील, किंवा दोन आठवड्यांत तोंडातली जखम भरली नसेल, तर जेल लावत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

मुलांनाही त्यांच्याकडेच न्या. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते आणि किडते. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तर बाळंतपणापर्यंत थांबू नका. या काळातही उपचार करता येतात.

डॉक्टर निवडताना एवढं बघा: ते आजार आणि गोळ्या विचारतात का, जुने एक्स-रे जपून ठेवतात का, गरज पडली तर तुमच्या फिजिशियनला फोन करतात का. दुखत नसलं तरी वर्षातून एकदा जा, मधुमेह असेल तर सहा महिन्यांनी. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी आजच लिहा आणि पुढच्या भेटीत न विचारताच डॉक्टरांच्या हाती द्या.