अंधारातला अर्धा तास

मालमड्डी, धारवाड
रविवार संध्याकाळ

चि. मैत्रेयीस,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहिते आहे.

परवा लाइन बाजारात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीची आई भेटली. कौतुकानंच सांगत होती, मैत्रेयीची पावडर दिव्याखाली तासाभरात पाण्यातल्या मेथिलीन ब्लूचा 98 टक्के रंग उडवते म्हणून. मग सहज म्हणाली, 'तुमची पोरगी हुशार हो, अंधारातला अर्धा तास वाचवते, थेट दिवाच लावते.' तिथून घरी कशी आले, मला आठवत नाही. मैत्रेयी, हे खरं आहे का?

ऐकीव गोष्ट आहे. खोटी निघाली तर मला आनंदच आहे. पण खरी असली तर रागावण्याचा हक्क मी सोडणार नाही.

तुझ्या पावडरीचं संमिश्र कसं होतं ते गणपतीत तूच पंगतीत समजावलं होतंस. झाकलेल्या क्रुसिबलमध्ये युरिया 550 अंशांवर चार तास तापवायचा, अमोनियाचा वास सोसायचा, मग तळाशी पिवळं कार्बन नायट्राइड उरतं. ते एकटं दुबळं, कारण प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन काही काम करण्याआधीच आपल्या रिकाम्या जागी परततात. त्यांना पळायला वाट मिळावी म्हणून तू ग्राफीन घातलंस. उत्तम केलंस. पण ग्राफीनला रंग चिकटतो, हे तुला मी सांगायचं? दिवा न लावताही पाणी फिकं होणार! म्हणून तर आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, चिकटायचा तेवढा रंग चिकटू द्यायचा आणि मग मोजायला लागायचं. शिवाय मेथिलीन ब्लू स्वतःच 664 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो आणि कार्बन नायट्राइडला 460 च्या पुढचं फारसं दिसत नाही. रंग त्या प्रकाशानं आपला आपणच उडत असला तर? मग दिव्याखाली पावडर न घातलेली बाटलीही हवी, आणि फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थ घेऊनही एकदा बघायला हवं. हे सगळं केलंस का? अंधारात ठेवलंस का?

तू दुसरीत असताना मी शाळेतून कॉस्टिक सोडा आणला होता, आठवतं? ग्लुकोज, सोडा, दोन थेंब मेथिलीन ब्लू. बाटली ठेवली की पाणी बिनरंगी, हलवली की हवा मिसळून पुन्हा निळं. तू रात्री नऊपर्यंत ती हलवत बसलीस आणि झोपताना म्हणालीस, 'आत्या, निळा गेला नव्हता, लपला होता.' ज्या मुलीला हे सातव्या वर्षी कळलं, तिनं रंग दिसेनासा झाला म्हणून द्रव्य संपलं असं कसं मानावं?

इचलकरंजीला मावशीआजीकडे गेलो की पंचगंगेच्या पाण्याकडे बघून तू नाक मुरडायचीस. उद्या तिथला एखादा कापड-प्रोसेसवाला तुझा आकडा वाचून टाकी बांधील. त्याच्या टाकीत रंग नुसता पावडरीला चिकटून राहिला, तर ती पावडर तो कुठे टाकणार? नदीतच ना?

आकड्याची एवढी भूल कशाला? लीबिगनं 1834 मध्ये कार्बन नायट्राइडच्या एका भावंडाला 'मेलॉन' नाव दिलं, आणि 2009 मध्ये वांग, अँटोनिएटी, डोमेन यांच्या गटानं दाखवलं की ही साधी पावडर दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन सोडते. साऱ्या जगाला या वाटेवर आणणाऱ्या त्या शोधनिबंधात क्वांटम कार्यक्षमता होती सुमारे 0.1 टक्का. तुझ्या 98 शी तिची तुलना होत नाही, ती मोजणीच वेगळी. पण त्यांना लहान आकडा लिहायची लाज वाटली नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. एम.एस्सी.च्या वेळी माझ्या आलेखात दोन बिंदू रेषेबाहेर पडले. मी ते खोडले. रेष सरळ आली, सरांनी वर्गात दाखवली. पुढल्या वर्षी एका मुलीनं माझाच आकडा धरून काम सुरू केलं. तिला तो कधीच मिळाला नाही. आठ महिने गेले आणि तिनं शिक्षण सोडलं. पुष्कळ वर्षांनी बेळगावला एका लग्नात भेटली. हसत म्हणाली, 'माझ्या हातालाच गुण नव्हता गं.' मी तिच्या ताटात जिलबी वाढली आणि गप्प बसले. ते दोन बिंदू आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तुझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते, हे मला माहीत आहे. दादा दर फोनला 'कधी संपणार' विचारतो, तेही माहीत आहे. आणि 98 टक्के ऐकून आधी सगळ्या आळीत मीच मिरवलं. त्या आकड्याचं ओझं तुझ्यावर घालण्यात माझाही हात आहे. त्याबद्दल मला वाईट वाटतं, बाळ.

तुझे आजोबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. पहिल्या मापावर त्यांचा कधी विश्वास नसे. 'नोडोण', म्हणजे 'बघू या', म्हणायचे आणि पुन्हा मोजायचे. तूही परत मोज. 98 चे 40 झाले तर 40 लिही. जून उलटला तर उलटू दे, माझ्या पेन्शनीत दोघींचं भागतं. दादाशी मी बोलेन.

पण आधी शनिवारी ये. चिगरी बस धरलीस तर जेवायच्या आत पोचशील. येताना झाकणाची एक काचेची बाटली आण. ग्लुकोज माझ्याकडे आहे. उत्तर आणलं नाहीस तरी चालेल. रात्री दोघी ती बाटली हलवत बसू.

तुझी,
आत्या