ओळींचा क्रम बदलला की झाड बदलतं

'कपडे/साड्या/पैठणी' अशा पाथच्या यादीचं नेस्टेड ॲरे करायचं म्हटलं की पीएचपीत एकच तोडगा हातोहात पुढे सरकवला जातो: एक्सप्लोड करा, मुळाचा रेफरन्स धरा, लूपमध्ये एकेक की उतरत जा, तळाशी मूल्य ठेवा. पाच-सहा ओळींत काम झालं. माझा राग त्या ओळींवर नाही, त्यांच्यासोबत येणाऱ्या खात्रीवर आहे. माहिती गहाळ झाली की हेच लोक 'तुमचा डेटाच घाण होता' असं ऐकवून मोकळे होतात. दोष डेटाचा नसतो. तो झाड करणाऱ्या कोडचा असतो, आणि हे दाखवायला दोन ओळी पुरतात.

'कपडे/साड्या' ला ४० आणि 'कपडे/साड्या/पैठणी' ला १२. यादी म्हणून दोन्ही ओळी खऱ्या आहेत: साड्या एकूण ४०, त्यांतल्या पैठण्या १२. पण ॲरेमध्ये 'साड्या' एकाच वेळी आकडाही आणि ॲरेही असू शकत नाही. पैठणीची ओळ आधी आली, तर मागून आलेला ४० तिची अख्खी फांदी पुसतो. ना एरर, ना वॉर्निंग. ४० आधी आला, तर पीएचपी ८ एरर देऊन थांबतं. पीएचपी ७ नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचं आणि १२ कुठेच उरायचे नाहीत. डेटा तोच, कोड तोच, निकाल ठरवला ओळींच्या क्रमाने. यादी ऑर्डर बाय नसलेल्या क्वेरीतून आली असेल, तर त्या क्रमाची हमी डेटाबेसही देत नाही. मग यात घाण काय होती? दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या. विसंगती जन्मली ती झाड करताना, म्हणून तिचा निर्णयही तिथेच झाला पाहिजे. एकतर दोन्ही पाथची नावं सांगणारी एरर फेका, नाहीतर प्रत्येक नोडला मूल्य आणि मुलं असे दोन वेगळे कप्पे द्या. दुसऱ्या मार्गात ॲरे दिसायला बोजड होतो, हे मान्य. हरवलेल्या फांदीपेक्षा तो बोजडपणा मला कधीही चालेल.

रेफरन्स नको, प्रत्येक पाथचा छोटा ॲरे करून ॲरे मर्ज रिकर्सिव्हने जोडू, असं सुचवलं जातं. तिथे वेगळाच खड्डा आहे. इंग्रजी अंकांत लिहिलेली २०२३ ही की पीएचपी गुपचूप पूर्णांक करून टाकतं आणि हे फंक्शन पूर्णांक कींना नव्याने क्रमांक देतं. पाथच्या सुरुवातीलाच असलेल्या २०२३ आणि २०२४ च्या जागी ० आणि १ उरतात. त्याच अंकांतली ०४ मात्र सुरुवातीच्या शून्यामुळे स्ट्रिंगच राहते, म्हणजे वर्षं गेली आणि शून्याने सुरू होणारे महिने शाबूत. शिवाय तोच पाथ दोनदा आला, तर दोन्ही मूल्यांची मिळून एक यादी होते. रेफरन्सच वापरणार असाल, तर लूपनंतर त्यावर अनसेट करायला विसरू नका; तो तसाच राहिला की त्याच नावात पुढे ठेवलेलं काहीही थेट झाडात जाऊन पडतं.

'लायब्ररी वापरा' हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. जावास्क्रिप्टमध्ये पाथ बाहेरून येत असेल तर त्यातली एखादी की थेट प्रोटोटाइपपर्यंत पोचू शकते. लोडॅश या लायब्ररीच्या झिप ऑब्जेक्ट डीपमधली अशी त्रुटी सीव्हीई-२०२०-८२०३ म्हणून नोंदली गेली. आणि डिलिमिटरच कीच्या आत आला तर काय, याचं उत्तर आधी तुम्हालाच ठरवावं लागतं. २०१३ च्या आरएफसी ६९०१ ने, म्हणजे जेसन पॉइंटरने, ते नीट दिलंय: कीमधल्या स्लॅशला ~१, खुद्द टिल्डला ~०, आणि उलगडताना ~१ आधी. टिंबाने पाथ तोडणाऱ्यांनी फाइलच्या नावातलं टिंब एकदा आठवून पाहावं.

मराठी कींचं दुखणं आणखी वेगळं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. 'कोऱ्या' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण 'वह्या/कोऱ्या' च्या दोन फांद्या होतात. युनिकोड नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. बदल हातानेच करावा लागतो, एक्सप्लोडच्या आधी.

या तपासण्यांनी कोड संथ होतो, ही तक्रार मला पटत नाही. प्रत्येक पायरीला 'इथे आधीपासून ॲरे आहे का' एवढंच विचारायचं असतं. सुरुवातीच्या स्लॅशमुळे येणारी रिकामी की गाळायची की नाही, तेही त्याच जागी ठरतं. आणि टेस्टमध्ये नुसतं झाड पाहू नका. ते परत सपाट करा, मूळ यादीशी ओळ न् ओळ जुळवा, मग यादी उलटी करून तेच पुन्हा चालवा.