दुष्फेन पाणी आणि दाढीचा फेस
गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारख्या तलावांत साठणारे पावसाचे पाणी बहुधा सुफेन असते. खडकांतून झिरपताना मात्र त्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार विरघळतात आणि विंधण विहिरीचे पाणी अनेकदा दुष्फेन होते. हे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. परिणामी फेस विरळ होतो, लवकर बसतो, वस्तरा अडखळतो आणि त्वचा सोलवटते. आपण दोष साबणाला देतो. कारण पाण्यात असते. पाणी उकळून निवळू दिल्यास बायकार्बोनेटांमुळे आलेली दुष्फेनता जाते. सल्फेट, क्लोराइडांमुळे आलेली राहते. दोन बाटल्यांत विहिरीचे व पावसाचे समान पाणी घेऊन, सारखाच साबण घालून हलवून पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवतो.